छाती, श्वास सोडून

फीत मी दर दिवाळीला नवी घेते.
वर्षभर माणसांना वेढे घालून
जुनी पाव इंच लांबते, खोटं बोलायला लागते.
नवी आणली की लोखंडी पट्टीवर अंथरायची,
पहिला इंच आधी तपासायचा.
बाबांची शिस्त.
बाबा गेले. साखर पेठेतलं दुकान राहिलं,
पायमशीन राहिली,
आणि खिळ्याला दोरीनं टांगलेल्या
मापांच्या चौदा वह्या.

मार्गशीर्ष सरत आला की बाराबंदीवाले येतात.
गड्ड्याला महिना उरलेला,
संध्याकाळी काठ्यांचा सराव सुरू.
"अक्का, बाराबंदीला कसलं माप ओ?
बंद हायत की. बांधलं की बसतंय."
बसतंय.
छातीचं बंद सांभाळून घेतात.
खांद्याचं कोण सांभाळणार?
काठी पेलताना हात वर जातो,
बगलेत टर्रकन् आवाज होतो,
आणि भर मिरवणुकीत, देवाच्या आधी,
शिंपिणीचं नाव निघतं.

म्हणून, चपला बाहेर.
मोबाईल, किल्ल्या, तंबाखूची पुडी टेबलावर.
सरळ उभे राहा. फोटोला राहता तसं नको,
एसटीची वाट बघताना राहता तसं.
मानेखालचं हाड बोटाला सापडतं,
तिथून खांद्याच्या टोकापर्यंत.
कोपर जरासं वाकवा, मग बाही.
फीत पाठीमागून तुमची तुम्ही फिरवा
(बाईमाणूस माप घेतेय म्हणून
कानापर्यंत लाल होणारे अजून आहेत पेठेत),
मी समोर दोन टोकं जुळवते, आत दोन बोटं.
पोट ओढू नका. छाती फुगवू नका.
श्वास घ्या.
सोडा.
सोडलात?
आता.

काल रेवणसिद्ध म्हेत्रे आले.
अक्कलकोट रोडला तीस वर्षं यंत्रमागावर,
काठीखाली बावीस वर्षं.
सोबत पोरगा, शरणू, दाराला टेकून.
वही काढली. मागचं माप बाबांच्या अक्षरात :
छाती चाळीस. पुढं कंसात, दमदार.

मी आकडे ओरडते, इरण्णा लिहितो.
उंची एकतीस.
खांदा साडेसतरा.
मग छाती.
फीत जुळत आली, जुळली,
आणि तरी पुढं सरकतच राहिली.
सदऱ्याच्या आत बनियन,
बनियनच्या आत अजून एक बनियन,
एवढं सगळं धरून साडेपस्तीस.
म्हेत्र्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.
पोराकडंही नाही.
सूतगिरणीच्या कॅलेंडरवर नजर ठेवून
हळूच म्हणाले, "साकु, अक्का."

अंगठा आकड्यावर दाबून
मी मोठ्यानं म्हणाले, चाळीस.
इरण्णानं लिहिलं, चाळीस.
दारातनं पोरगा हसला,
"अप्पाचं तेवढंच की अजून!"
म्हेत्रे सदऱ्याची बटणं लावत राहिले,
एक बटण दोनदा.

रात्री शटर अर्धं ओढून
चाळीस खोडलं. वर लिहिलं साडेपस्तीस.
निळ्या शाईचं पेन इरण्णा घेऊन गेलेला,
म्हणून काळ्यानं.
तेव्हा आठवलं ते जुन्या वह्यांमधलं.
दर चार-सहा पानांनी एखादा आकडा खोडलेला,
वर दुसरा, वेगळ्या शाईत,
दिव्याखाली लिहावा तसा तिरका.
लहानपणी ती पानं उलटताना वाटायचं,
बाबा किती चुकतात.

कापड बादलीत भिजत घातलंय.
आटायचं ते आधी आटू दे.
परवा कापीन, साडेपस्तीसवर,
आणि बगलेखालच्या शिवणीत
दोन्हीकडं एकेक इंच
आत दुमडून ठेवीन.
बाहेरून दिसत नाही.
लागलं, तर उसवता येतं.